पोट गच्च राहते, म्हणून प्राणवायू?

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले असताना एक शिक्षक आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, अभ्यासात हुशार. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ही हकिगत लिहायला बाप-लेक दोघांनीही संमती दिली आहे.) तक्रार पोटाची होती. दोन घास खाल्ले की पोट गच्च होते, फुगारा धरतो, ढेकर येतात, चार-चार दिवस शौचाला होत नाही. आठ महिने हे चालू होते. पित्ताच्या गोळ्या झाल्या, पाचक चूर्णे झाली, जंताचे औषध झाले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून तपासणीही झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

"डॉक्टरसाहेब, आता एकच उपाय राहिलाय," असे म्हणत त्यांनी फाइलमधून एक रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा केंद्राचे ते पत्रक होते. एका लांबट, बंद पेटीत एक बाई हसतमुखाने झोपलेली आणि खाली यादी: डोकेदुखी, थकवा, केस गळणे, अपचन, गॅस, बद्धकोष्ठ. दहा बैठकांचे चाळीस हजार रुपये. गुरुजींनी पतसंस्थेत कर्जाचा अर्ज दिला होता आणि पाच हजार आगाऊ भरूनही टाकले होते.

"पण प्राणवायूच का?" मी विचारले.

"तिचा ऑक्सिजन कमी पडतोय ना!" असे म्हणून त्यांनी खिशातून बोटाला लावायचे यंत्र काढले. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघर आलेले तेच ऑक्सिमीटर. रात्री मुलीच्या बोटाला लावले की आकडा ८९, कधी ९० दाखवीत असे. केंद्रातल्या माणसाला हे फोनवर सांगताच त्याने तिथल्या तिथे निदान केले की पोटाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून पचन मंदावले आहे.

ऐकायला हे अगदी सरळ वाटते. प्राणवायू तर जीवनच. तो जास्त मिळाला तर बिघडले कुठे? त्या वर्षी सिलिंडरसाठी आपण कशी धावाधाव केली, ते कोणी विसरलेले नाही. त्यामुळे या शब्दाभोवती आपल्या मनात एक विश्वास बसला आहे आणि काही मंडळी त्याच विश्वासावर दुकान चालवीत आहेत.

मी मुलीचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार! बोटांची टोके निळसर. तिला गरम पाण्याची पिशवी हातात धरून दहा मिनिटे बसवले आणि मग तेच यंत्र, तेच बोट. आकडा आला ९८.

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पलीकडे टाकून रक्ताचा रंग पाहतो. बोटात रक्त नीट खेळत नसेल तर त्याला धड काही दिसत नाही आणि तो चुकीचा आकडा दाखवतो. नखाला गडद रंग लावला तरी असा घोटाळा होऊ शकतो. इथे रंग नव्हता. तिच्या शरीराला पुरेसे अन्न मिळत नव्हते, म्हणून ते हातापायांचे रक्त आवरते घेऊन ऊब आत राखीत होते. गुरुजी आठ महिने पोटाकडे आणि महिनाभर यंत्राकडे पाहत होते. मुलीकडे पाहायचे राहून गेले होते. मी त्यांना दोष देत नाही. का, ते पुढे सांगतो.

तिची उंची १५७ सेंटिमीटर, वजन ३७ किलो. वर्षापूर्वी ते ४९ होते. नाडी मिनिटाला ४६. एकोणीस वर्षांच्या, खेळाडू नसलेल्या मुलीची नाडी ४६ म्हणजे हृदयही काटकसर करू लागले होते. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता घातलेला, दंडांवर बारीक मऊ लव. आईला बोलावून घेतले तेव्हा कळले की पाळी पाच महिने बंद आहे. आई म्हणाली, "परीक्षेच्या टेन्शननं असेल, म्हणून कुणाला बोलले नाही." मग हळूहळू उपासांचा हिशेब निघाला. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी. आपल्याकडे मुलगी उपास करते म्हटले की घरच्यांना बरेच वाटते, शेजारणी कौतुक करतात. त्यामुळे न जेवायला उपासासारखा दुसरा आडोसा नाही. फरक ओळखायचा कसा? उपासाला आपण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, रताळी खातो. ही त्यातले काहीच खात नव्हती. आणि उपास सुटायच्या दिवशी आपल्याला आनंद होतो. हिला त्या दिवशी धडकी भरत असे.

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. हे नाव लंडनच्या सर विल्यम गल या डॉक्टरांनी १८७४ साली छापलेल्या निबंधात दिले. त्याच सुमारास, १८७३ साली, पॅरिसमध्ये लासेग नावाच्या डॉक्टरांनी याच आजाराचे वर्णन केले आणि त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुष्कळ मुलींत सुरुवात जेवणानंतर पोटात वाटणाऱ्या अस्वस्थतेने होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. जेवले की त्रास होतो, म्हणून जेवण कमी करायचे. एक पदार्थ सोडायचा, मग दुसरा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही रुग्ण पोटाची तक्रार घेऊनच येत होते, आणि आजही आधी पोटाच्याच डॉक्टरकडे येतात.

आता पोटात नेमके काय बिघडते, ते पाहू.

जठर ही स्नायूंची पिशवी आहे. ती अन्न घुसळते आणि थोडे-थोडे पुढे लहान आतड्यात ढकलते. खाणे फार कमी झाले की शरीर जिथे जमेल तिथे खर्च कमी करते आणि त्यात हे घुसळणे, ढकलणेही मंदावते. सकाळी खाल्लेली अर्धी पोळी दुपारपर्यंत रेंगाळते. म्हणून दोन घासांत पोट गच्च होते. ही तक्रार खरी असते. मुलगी नाटक करत नसते. मोठे आतडेही असेच सुस्तावते, त्यात मुळात पुढे जायलाच फारसे काही नसते, म्हणून शौचाला होत नाही. पोटाच्या भिंतीचे स्नायू रोडावलेले असल्यामुळे थोडा वायू धरला तरी पोट पुढे आलेले दिसते, आणि ते पोट पाहून मुलगी घाबरते की आपण जाड झालो. मग ती आणखी कमी खाते आणि जठर आणखी मंदावते. बैलाने घाण्याभोवती फिरावे तसे हे चक्र चालू राहते.

वजन फारच उतरले तर आणखी एक अडचण होऊ शकते. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून जातो. त्या बेचक्यात चरबीची गादी असते. ती विरघळली की आतडे चिमटते आणि जेवल्यावर कळा येऊन हिरवट उलट्या होतात. हे क्वचित घडते, पण घडते.

या साऱ्यात प्राणवायूची टंचाई कुठे आहे? कुठेच नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ही प्राणवायूची एस.टी. समजा. पन्नास जागांच्या गाडीत ४९ जागा भरलेल्या आहेत, म्हणजेच ९८ टक्के. स्टँडवर आणखी हजार माणसे आणून उभी केली तरी गाडीत एकालाच जागा मिळणार. या मुलीला नाकाला नळी लावून प्राणवायू दिला असता तर झाले असते ते एवढेच. बाटलीत भरून विकतात त्या 'ऑक्सिजनयुक्त' पाण्याचीही तीच गत. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात हवेतला प्राणवायू मुरतो तो सुमारे ६ मिलिलिटर, आणि आपण एका साध्या श्वासात सुमारे १०० मिलिलिटर आत ओढतो. दाब देऊन दहापट मुरवला तरी एका श्वासाची बरोबरी होत नाही, आणि पोट म्हणजे काही फुप्फुस नव्हे!

पेटीतल्या प्राणवायूचे तत्त्व वेगळे आहे, आणि ते खरे शास्त्र आहे, हेही सांगितले पाहिजे. बंद पेटीत हवेचा दाब दुप्पट-तिप्पट वाढवून शुद्ध प्राणवायू दिला की तो रक्ताच्या पाण्यातही विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाखाली तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांना होणारा दाबाचा आजार, कोळशाच्या धुराची विषबाधा, वायुकोथ, मधुमेह्याच्या पायाच्या न भरणाऱ्या काही जखमा, किरणोपचारांनी झालेली इजा, अशा ठरावीक आजारांत तो उपयोगी पडतो. या यादीत अपचन नाही, बद्धकोष्ठ नाही आणि आहारविकारही नाहीत. यादीबाहेरच्या आजारांसाठी अशा पेट्यांची जाहिरात होते, तिला भुलू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ सालीच दिला होता. पेटी अगदी निर्धोकही नाही. दाबाने कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित झटके येतात, आणि शुद्ध प्राणवायूत एक ठिणगीही पुरते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अशा पेटीला आग लागून आत असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण पत्रकवाले त्याचाच आधार घेतील. आतड्याच्या भिंतीतच वायूचे फुगे धरण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. भरपूर प्राणवायू श्वासावाटे दिला तर रक्तातला नायट्रोजन कमी होतो, फुग्यांतला वायू हळूहळू रक्तात उतरतो आणि फुगे बसतात. १९७३ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी हा उपाय प्रसिद्ध केला. अ‍ॅनोरेक्सियाच्या अगदी थोड्या रुग्णांतही असे फुगे आढळले आहेत. पण हा वायू आतड्याच्या पोकळीतला नव्हे, भिंतीतला. तो पोट दाबून किंवा पोटाच्या घेरावरून कळत नाही, सी.टी. स्कॅनमध्ये दिसतो. कधी कधी तर ती आतडे सडू लागल्याची खूण असते आणि तेव्हा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून हे काम रुग्णालयाचे, पत्रकवाल्याचे नव्हे. आपल्या घरात 'गॅस धरला' म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता मी गुरुजींना दोष का देत नाही, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे येत असे. जळजळ, करपट ढेकर, घसा दुखणे. मी पाच महिने तिला पित्ताचे औषध दिले. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला थोडी सूज निघाली तेव्हा गोळी बदलली आणि आईबापांना म्हणालो, "काळजीचं कारण नाही." तिचे दोन्ही गाल कानाखाली किंचित सुजलेले होते, मला वाटले, अंगाने भरली असेल. एक दिवस ती एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन पडली. रुग्णालयात रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले आढळले. ती रोज जेवणानंतर गुपचूप उलटी करत होती. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू आम्लाने झिजली होती आणि ते पुढे दातांच्या डॉक्टरांनी मला दाखवून दिले. पाच महिने मी तिचा घसा पाहत होतो आणि दात पाहिले नव्हते. ती वाचली. पण मी स्वतः असा चुकलेलो असताना गुरुजींना कोणत्या तोंडाने बोलू?

या दुसऱ्या प्रकाराला बुलिमिया म्हणतात. १९७९ साली लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी त्याला हे नाव दिले. यात वजन बहुधा ठीकठाक असते, म्हणून तो घरात ओळखू येत नाही. काही मुली जुलाबाच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यावर, आणि अन्नातले सत्त्व त्याआधीच लहान आतड्यात शोषले गेलेले असते. काट्यावर जे कमी दिसते ते पाणी. त्याच्याबरोबर पोटॅशियम जाते, आणि त्यावर हृदयाचे ठोके अवलंबून असतात.

"पण हिला हे डोक्यात शिरलं कुठून?" गुरुजींनी विचारले. याला एका वाक्यात उत्तर नाही. स्वभाव, घराणे, वय, मैत्रिणींचे बोलणे, मोबाईलवरचे फोटो, सगळेच थोडे-थोडे. मात्र उपासमार स्वतःच मन बिघडवते, हे पक्के माहीत आहे. १९४४-४५ साली अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले. नाडी मंदावली, सारखी थंडी वाजू लागली. पण त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ते दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटापुढे तास-तास बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. हे तरुण प्रयोगापूर्वी मनाने निरोगी होते. गुरुजींची मुलगीही घरच्यांसाठी हौसेने नवनवे पदार्थ करत असे आणि स्वतः चव घेत नसे. आई म्हणाली, "आम्हाला वाटलं, स्वयंपाकाची गोडी लागली."

म्हणून उपचार अन्नापासूनच सुरू होतो. पण इथे मोठा धोका आहे आणि तो घरोघर सांगण्यासारखा आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट जेवू घालू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण अन्न मिळाल्यानंतर दगावले. अचानक अन्न आले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदय डगमगते. 'लेक खायला लागली' म्हणून आनंदाने तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू पुढे करणारी आई नकळत तिला संकटात लोटते. सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या, बी-१ जीवनसत्त्व आणि मोजका आहार डॉक्टरांच्या नजरेखालीच हवा. या मुलीला मी त्याच रात्री रुग्णालयात पाठवले. बारा दिवस ती तिथे होती.

घरी आल्यावर दिवसातून सहा वेळा थोडे-थोडे खाणे ठरले. दूध, दही, तांदळाची पेज, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेला बटाटा, केळे, पुढे पोळी-भाजी. पहिले काही आठवडे कोशिंबिरी आणि कोंड्याची भर नको, कारण सुस्त जठराला चोथा जड जातो. बद्धकोष्ठाला इसबगोलाने उलट फुगारा वाढू शकतो आणि सोनामुखीची सवय लागते. म्हणून मलात पाणी धरून ठेवणारे सौम्य औषध थोडे दिवस दिले. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिऊन पोट भरायचे नाही. मी तिला आधीच सांगून ठेवले, "बाळ, पहिले दोन-तीन आठवडे पोट दुखेल, फुगेल. ते बिघडण्याचं लक्षण नाही. पाय मोडून प्लास्टर काढल्यावर पहिली पावलं दुखतात ना, तसं हे." नियमित खाणे चालू राहिले की जठराची गती काही आठवड्यांत सुधारू लागते, त्यासाठी वजन पूर्ण भरून येण्याची वाट पाहावी लागत नाही. तिला हे पटायला वेळ लागला. पहिल्या पंधरवड्यात दोनदा तिने खिचडी ओढणीत लपवली.

मनाचा उपचार याच्या जोडीनेच हवा. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत घरच्यांनाच उपचारात घेतात: आईवडील शेजारी बसून जेवायला लावतात, भांडत नाहीत, ताटावरून टोमणे मारत नाहीत, वजनावरून काही बोलत नाहीत. 'अंगावर छान मांस चढलं हं' हे वाक्यसुद्धा नको. गुरुजींना भाषण न देता शेजारी बसणे फार जड गेले, असे त्यांनीच हसत सांगितले. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मुलग्यांनाही हा आजार होतो. व्यायामशाळेच्या नावाखाली तो झाकला जातो, एवढेच.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा: उठताना भोवळ येणे, नाडी पन्नासच्या खाली जाणे, पायांना सूज, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा हिरवे पाणी, जेवणानंतर पोट ताठ होऊन असह्य दुखणे. आणि हात उबदार असतानाही ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर तेव्हा प्राणवायूची खरीच गरज असू शकते. कारण छातीत शोधावे लागेल.

गेल्या महिन्यात बाप-लेक येऊन गेले. वजन ४३ किलो, नाडी ६२, शौचाची तक्रार राहिलेली नाही. पोट अजून कधी कधी गच्च वाटते आणि तशा दिवशी ती अजून घाबरते. केंद्राने आगाऊ रकमेपैकी निम्मे पैसे परत केले. उरलेल्यांसाठी गुरुजी पत्रव्यवहार करीत आहेत.